जुन्या पिकअपचा ‘जबडा’ असा उघडतो!

विशेष प्रतिनिधी

जुन्या पिकअप ट्रकना नवे रूप देण्याचा छंद अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. १९४७ ते १९५५ या काळातील शेव्हर्लेच्या ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिकेतील पिकअप या छंदिष्टांच्या विशेष आवडीचे. मूळ सहा सिलिंडरचे इंजिन काढून व्ही-८ बसविल्यानंतर अनेकांना आणखी एक बदल खुणावतो. तो म्हणजे बॉनेट, दोन्ही मडगार्ड आणि ग्रिल एकसंध जोडून वाहनाचा संपूर्ण दर्शनी भाग पुढे कलता करणे.

कल्पना जुनीच आहे. १९५९ची ट्रायम्फ हेरॉल्ड आणि १९६१ची जग्वार ई-टाइप यांची बॉनेटे अशीच पुढे उघडत. हेरॉल्डची भारतीय आवृत्ती, स्टँडर्ड हेरॉल्ड, मद्रासमध्ये तयार होत असे. मात्र या मोटारींची मूळ आखणीच तशी होती, पिकअपची नव्हती.

पिकअपचे मडगार्ड केवळ शोभेचे नसतात. एका बाजूने केबिनला आणि दुसऱ्या बाजूने रेडिएटरच्या चौकटीला बोल्टने जखडलेले असल्याने ते त्या चौकटीला ताठ ठेवतात. ते सुटे केले, की हा आधार नाहीसा होतो. म्हणून प्रथम ती चौकट चॅसीवर पक्की करून केबिनच्या पुढील भिंतीपर्यंत तिरके पोलादी आधार द्यावे लागतात. त्यानंतर सर्व पत्रे गाडीवर जागच्या जागी असतानाच, दरवाजांजवळच्या फटी सारख्या करून, आतून चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा जोडला जातो.

खरी कसोटी लागते ती बिजागरीची जागा ठरविताना. भाग उचलला जाताना बिजागरीच्या पातळीहून उंच असलेले बिंदू वर आणि पुढे सरकतात, तर मागच्या बाजूला त्या पातळीखाली असलेले बिंदू आधी मागे सरकतात. साहजिकच बिजागरी उंच बसविली, तर मडगार्डचे खालचे टोक केबिनवर घासते. बिजागरीच्या पुढे असलेला भाग खाली जातो आणि बंपरला अडतो. त्यामुळे बिजागरी शक्य तितकी खाली आणि पुढे असावी लागते. प्रत्यक्ष वेल्डिंगपूर्वी पुठ्ठ्याच्या साच्यावर ही हालचाल तपासणे शहाणपणाचे ठरते.

पुढे बिजागरी असल्याने धावत्या गाडीत वाऱ्याने बॉनेट काचेवर आपटण्याची भीती राहत नाही. तरीही खड्ड्यांच्या धक्क्यांनी ते उसळू नये, यासाठी केबिनजवळ दोन्ही बाजूंना खटके हवेतच. दिव्यांच्या तारांना वाकण्यापुरती ढील आणि मध्ये सोडविता येईल असा जोड ठेवावा लागतो.

भारतात असा प्रयोग करण्यापूर्वी कायदा पाहणे आवश्यक आहे. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने निर्बंध घातले आहेत.

सर्वांत मोलाचा प्रश्न मात्र पत्र्याचा आहे. मूळ पत्रा एकदा कापला, की तो पूर्ववत होत नाही. म्हणूनच शक्य तेथे वेल्डिंगऐवजी बोल्ट वापरणे, म्हणजेच परतीची वाट मोकळी ठेवणे, हे जुन्या वाहनाच्या हिताचे होय.