मेंढरें राखणाऱ्या कुत्र्याच्या पिलाला घर पाहतांना

कुत्रा हा मनुष्याचा इमानी सोबती आहे, हें वाक्य आमच्या बालवाचकांनीं निबंधाच्या वहींत इतके वेळां लिहिलें असेल कीं, तें येथें पुन्हां लिहिण्याचें आम्हांस धैर्य होत नाहीं. आज आम्हीं घेतलेला विषय त्याच्या उलट बाजूचा आहे. कुत्र्याच्या एका विशिष्ट जातीच्या पिलाला मनुष्य कसा मिळावा, म्हणजे कोणतें घर त्यास मानवेल व कोणतें मानवणार नाहीं, हें आपणांस पाहावयाचें आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु बारा-चौदा वर्षांचें एक आयुष्य त्यावर अवलंबून असतें, आणि निवड चुकली तर तें आयुष्य बहुधा साखळीला बांधलेल्या स्थितींत जातें.

ही जात म्हणजे बॉर्डर कॉली. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवर चेव्हियट नांवाचे डोंगर आहेत. तेथें झाडी थोडी, गवत पुष्कळ, वारा बोचरा, आणि मेंढरें उघड्या माळावर दूरवर पसरलेलीं. एकट्या मेंढपाळानें तीं गोळा करावयाचीं म्हटलीं तर दिवस मावळावयाचा. म्हणून त्या प्रांतांतील लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून असें कुत्रें तयार केलें कीं, तें धन्याच्या एका शिटीसरशी मोठा वळसा घालून मेंढरांच्या पाठीमागें जातें, आणि भुंकल्यावांचून केवळ आपल्या नजरेच्या जरबेनें त्यांस धन्याकडे आणतें. अंग जमिनीसरसें करून व मान खालीं घालून तें मेंढरावर टक लावतें. त्या पाहण्यालाच तेथील मेंढपाळ ‘डोळा’ म्हणतात. लांडगा शिकारीच्या वेळीं पाहतो, दबकतो, धांवतो, धरतो आणि मारतो. या कुत्र्यांत पहिल्या तीन क्रिया राखल्या व शेवटच्या दोन दाबून टाकल्या, असें म्हटलें तर चालेल.

या जातीच्या इतिहासांतील एक गोष्ट आमच्या विषयास फार उपयोगाची आहे. 1893 सालीं नॉर्थंबरलंड परगण्यांत ॲडम टेल्फर यांच्याकडे हेम्प नांवाचा कुत्रा जन्मला. त्याचा बाप रॉय हा मोकळ्या व गोड स्वभावाचा, पण त्याच्या ठिकाणीं ‘डोळा’ अगदीं थोडा. आई मेग ही उलट लाजरी, आपल्यांतच राहणारी, आणि नजरेची अति तीव्र. हेम्पमध्यें दोघांचे गुण असे जुळून आले कीं, आज या जातीचीं बहुतेक सर्व कुत्रीं आपली वंशावळ त्याच्यापर्यंत नेऊन पोंचवितात. परंतु अशा जोडप्याच्या पोटीं हेम्पच येईल असा नेम कोठें आहे? एखादें पिलूं बापासारखें, एखादें आईसारखें, आणि एखादें दोघांसारखेंही नाहीं, असें होणारच. एका वेतांतलीं सहा पिलें म्हणजे सहा निराळे स्वभाव होत. रंग व कानांची ठेवण पाहून पिलूं उचलणाऱ्यांचें आम्हांस नेहमींच नवल वाटतें.

हीं पिलें पुष्कळदां शेतावरच्या गोठ्यांत वाढतात. जन्मतः तीं आंधळीं व बहिरीं असतात. सुमारें दोन आठवड्यांनीं डोळे उघडतात, व तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आवाज कळूं लागतो. तेथून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. अमेरिकेंतील कांहीं शास्त्रज्ञांनीं 1961 सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथें सांगण्यासारखा आहे. त्यांनीं निराळ्या दोन जातींचीं पिलें उंच कुंपणाच्या शेतांत मनुष्याचा सहवास न लागूं देतां वाढविलीं, आणि निरनिराळ्या वयाचीं कांहीं पिलें एकेक आठवडा माणसांत आणून ठेविलीं. ज्यांना हा आठवडा वेळेवर मिळाला तीं माणसाळलीं. ज्यांना चौदा आठवडे होईपर्यंत मनुष्य भेटलाच नाहीं, तीं पुढें माणसापासून दूर पळत, आणि पुष्कळ खटपट करूनही त्यांची भीति पुरती गेली नाहीं.

यावरून गोठ्यांतील पिलाचें बलाबल ध्यानांत येईल. त्यास मेंढरांचा वास, चिखल, ट्रॅक्टरचा धडधडाट व आईचा दरारा हीं चांगलीं ठाऊक असतात. परंतु जिना, गुळगुळीत फरशी, कुकरची शिटी, रडणारें मूल किंवा छत्री उघडणारा पाहुणा त्यानें पाहिलेला नसतो. चांगला शेतकरी म्हणून पिलें रोज हातांत घेतो, घरांतील मुलांस त्यांजपाशीं बसूं देतो, आणि स्वयंपाकघरांतही थोडा वेळ आणून सोडतो. विकत घेणाऱ्यानें हें सर्व विचारावें. आणि पिलूं आईजवळ असतांनाच पाहावें. आई भित्री किंवा अंगावर येणारी असेल तर पिलाच्या गोंडस चेहऱ्याला भुलूं नये.

आतां घराकडे वळूं. ज्याच्याकडे मेंढरें आहेत त्याचें घर सर्वांत सोपें, असें वाटतें. पण तेथेंही फसगत आहे. मेंढरें वळविण्याची ओढ कांहीं पिलांत लवकर दिसते, तर कांहींत कित्येक महिन्यांनीं जागी होते. आठ आठवड्यांच्या पिलाकडे बोट दाखवून ‘हें शर्यत जिंकणार’ असें सांगणारा विक्रेता एकतर भोळा असतो किंवा धूर्त. अशा शर्यती तिकडे जुन्या आहेत; वेल्समधील बाला येथें 1873 सालीं झालेली शर्यत प्रसिद्ध असून ती जेम्स थॉम्सन या स्कॉच गृहस्थाच्या ट्वीड नांवाच्या कुत्र्यानें जिंकली.

ज्या घरांत मेंढरें नाहींत पण लहान मुलें आहेत, तें घर आम्हांस अधिक विचार करावयास लावतें. मुलें धांवतात, किंचाळतात, पांगतात. आणि या कुत्र्याच्या रक्तांत पांगलेल्यांस गोळा करणें आहे. तें मुलांभोंवतीं फेऱ्या घालतें, वाट अडवितें, आणि न ऐकल्यास टांचेला हळूच दांत लावतें. त्यांत दुष्टावा मुळींच नसतो. तथापि मूल रडतें, आई घाबरते, कुत्र्याला ‘चावरें’ हें नांव पडतें, आणि तेथून त्याचे वाईट दिवस सुरू होतात. सायकली व मोटारी यांच्या मागें लागणें हाही त्याच ओढीचा प्रकार. ज्या घरांतील वडील माणसें पिलाला पहिल्यापासून शिकवितील, मुलांनाही शिकवितील, व दोघांना एकटें सोडणार नाहींत, त्या घरीं तें सुखानें नांदतें. केवळ मुलाच्या हट्टासाठीं मात्र तें आणूं नये. विद्यार्थ्यांचा उत्साह वार्षिक परीक्षेपर्यंत कितपत टिकतो, हें पालकांस आम्हीं सांगावें असें नाहीं.

पुण्यामुंबईच्या सदनिकांतही आतां बॉर्डर कॉली दिसूं लागलें आहे, म्हणून चार शब्द इकडचे. दाट केसांच्या या जातीला आपल्याकडील वैशाखाचें ऊन सोसत नाहीं. धांवणें पहांटे किंवा दिवेलागणीनंतरच हवें. पण तेवढ्या धांवण्यानेंही तिचें समाधान होत नाहीं; डोक्याला काम लागतें. दिवसभर कुलुपांत राहिलेलें कुत्रें भिंत खरवडतें, पंख्याच्या सांवलीवर तासन्‌तास टक लावून बसतें. ज्यास घराची राखण करणारें कुत्रें पाहिजे त्यानें तर ही जात घेऊंच नये. आपले धनगर दिवाळीनंतर कोंकणाकडे उतरतात तेव्हां त्यांच्या तळाभोंवतीं जीं कुत्रीं असतात, त्यांचें मुख्य काम लांडग्याला दूर ठेवण्याचें आहे. दोन्हीं मेंढरांचींच कुत्रीं, परंतु स्वभाव अगदीं वेगळे.

आपल्या देशांत 2017 सालच्या नियमांप्रमाणें आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकण्यास बंदी आहे. तत्पूर्वीं आई व भावंडें यांच्यापासून तें दांत किती लावावा हें शिकत असतें. याच सुमारास जंताचें औषध व पहिली लस झालेली असावी. कॉलीच्या वंशांत डोळ्यांचा एक आनुवंशिक दोष आढळतो. तो पांचव्या ते आठव्या आठवड्यांत तपासल्यास चांगला कळतो, म्हणून पशुवैद्याचा कागद मागण्यास संकोच करूं नये.

प्रश्न विचारण्याचा अधिकार विक्रेत्यासही आहे. दुपारीं घरीं कोण असतें, भाड्याचें घर सोडावें लागल्यास काय कराल, पूर्वींच्या कुत्र्याचें काय झालें, असें तो विचारील. कित्येकांस यांत अपमान वाटतो. आमच्या मतें जो कांहींच न विचारतां पैसे मोजून घेतो, त्याच्या दारांतून रिकाम्या हातांनीं परतावें. चांगला विक्रेता ‘नाहीं’ म्हणतो, कधीं ‘हें नको, तें न्या’ म्हणतो. धीट पिलूं डोंगरावरच्या शेताला, व शांत पिलूं वृद्ध जोडप्याला देतो. आणि न जमल्यास पिलूं केव्हांही परत घेण्याचें लिहून देतो.

निघतांना तो आणखी एक वस्तु देतो. आई ज्यावर निजत असे त्या फडक्याचा एक तुकडा. तो धुवूं नये. पहिल्या रात्रीं पिलूं रडूं लागलें कीं तो त्याच्या नाकाजवळ ठेवावा, आणि टोपली आपल्या अंथरुणाजवळ ओढून घ्यावी.