नियोजित वस्तीचे चित्र आणि जलरंगाचा लेप

नियोजित वास्तूचे स्वरूप जाणकारास नकाशा व छेदचित्रे यांवरून कळते; इतरांस मात्र ते चित्रावाचून उमगत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या या स्थानकाचे जलरंगचित्र स्वीडनमध्ये जन्मलेले चित्रकार ॲक्सेल हेग यांनी १८७८ मध्ये, बांधकामाच्या आरंभकाळीच, रंगविले. प्रत्यक्ष वास्तू पुरी होण्यास पुढे सुमारे दहा वर्षे लागली.

जलरंगात पांढरा रंग सहसा लावीत नाहीत. कागदाचा पांढरेपणाच राखून ठेवतात. प्रथम यथार्थदर्शनाच्या नियमांनी रेखांकन, मग आकाश व दूरच्या वस्तूंचे फिके लेप, ते वाळल्यावर सावल्यांचे गडद लेप, असा क्रम असतो. आज रेखांकन बहुधा संगणकावरील त्रिमित प्रतिकृतीवरून घेतात व त्यावर कागदाचा पोत आणि पारदर्शक रंगांचे थर चढवितात. नुसती यांत्रिक प्रक्रिया येथे तोकडी पडते, कारण ती सर्व कडा सारख्याच मऊ करते. कोणती कड तीक्ष्ण ठेवावयाची, हे चित्रकारास ठरवावे लागते.

खरा प्रश्न येथेच उद्भवतो. जे अद्याप ठरलेले नाही, उदाहरणार्थ दर्शनी भागाचे साहित्य, ते पुसट दाखविणे प्रामाणिकपणाचे होय. जे ठरले आहे पण लोकांस रुचणार नाही, ते पुसट करणे म्हणजे लपवाछपवी.

भोर तालुक्यात, पुणे-सातारा महामार्गावरील कामथडीसारख्या गावासाठी रस्त्यालगतच्या वस्तीचा आराखडा चितारावयाचा आहे, असे समजू. दृष्टिबिंदू टेकडीवर घेतल्यास शेते, झाडी व घरे यांचा मनोहर मेळ दिसतो आणि महामार्ग केवळ एक करडी पट्टी होऊन राहतो. तोच दृष्टिबिंदू रस्ता ओलांडू पाहणाऱ्याच्या डोळ्यांशी, जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर, आणला की रस्त्याची रुंदी व पलीकडच्या बाजूचे अंतर उघड होते. ग्रामसभेपुढे पहिलेच चित्र ठेवले, तर मिळालेली संमती चित्रास असते, आराखड्यास नव्हे. तेव्हा दोन्ही चित्रे एकाच प्रतिकृतीवरून काढून मोजमापांच्या नकाशासह मांडणे इष्ट. झाडेही लावतेवेळी असतील तेवढीच काढावीत. पंधरा वर्षांनंतरची सावली रंगवावयाची असेल, तर तसे चित्राखाली लिहावे.