प्रोपेलरचे पिच आणि त्याची खरी कमाई

मुंबईतील कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि पुढच्याच वर्षी त्याची अधिकृत नोंदणी झाली, तेव्हा घरी विमान बांधण्याचा विषय मराठी वाचकांपर्यंत पोचला; मात्र इंजिनाइतक्याच निर्णायक असलेल्या प्रोपेलरकडे त्या कौतुकात फारसे लक्ष गेले नाही.

लाकडात स्क्रू शिरावा तसा प्रोपेलर हवेत जराही न घसरता शिरला, तर एका फेऱ्यात तो जेवढा पुढे जाईल, त्या अंतराला पिच म्हणतात. पिच 60 इंच असून प्रोपेलर मिनिटाला 2,700 फेरे घेत असेल, तर विमानाचा वेग ताशी सुमारे 247 किलोमीटर यायला हवा; तो प्रत्यक्षात 210 आला, तर 15 टक्के घसर झाली असे मानतात. यावरून कार्यक्षमता 85 टक्के ठरवणे मात्र साफ चुकीचे आहे, कारण इंजिनाच्या शक्तीपैकी विमान पुढे नेण्याच्या कामी आलेला वाटा म्हणजे कार्यक्षमता होय. ब्रेक लावून उभ्या असलेल्या विमानाचा प्रोपेलर जोरदार रेटा देत असतो, तरीही विमान हलत नसल्याने त्याची कार्यक्षमता शून्यच असते.

उडत्या विमानाचा रेटा थेट मोजणे अवघड असले, तरी अंदाजाची एक सुंदर वाट आहे. 600 किलो वजनाचे विमान ठरावीक वेगाने सेकंदाला 4 मीटर चढत असेल आणि त्याच वेगाने, इंजिन मंद ठेवल्यावर, सेकंदाला 3 मीटर उतरत असेल, तर या दोन्हींची बेरीज वजनाने गुणून सुमारे 41 किलोवॉट उपयुक्त शक्ती मिळते. चढताना इंजिन 60 किलोवॉट देत असल्यास कार्यक्षमता 69 टक्क्यांच्या आसपास येते. मंद फिरणारा प्रोपेलर स्वतःच हवेला अडवून उतरण्याचा वेग वाढवतो, त्यामुळे हा आकडा किंचित फुगलेला समजावा.

चढण्याच्या अशा मोजमापावर हवेच्या विरळपणाचाही परिणाम होतो: पुणे जिल्ह्यातील मावळात सुमारे 600 मीटर उंचीवर 30 अंश तापमानात हवा प्रमाण समुद्रसपाटीपेक्षा 11 टक्क्यांनी विरळ असते. विरळ हवेत साध्या इंजिनाची शक्ती घटते आणि प्रोपेलरला होणारा विरोधही जवळपास तेवढाच घटतो, म्हणून फेऱ्यांत फारसा फरक दिसत नाही, पण रेटा मात्र कमी झालेला असतो. त्यामुळे मावळातला चढ किनाऱ्यावरच्या चढाशी ताडून पाहण्यापूर्वी त्या त्या दिवशीचे तापमान आणि हवेचा दाब नोंदलेला असणे अत्यावश्यक ठरते.