विश्लेषण : बाळ अजून चालत नाही? वाट किती पाहायची, डॉक्टरांकडे कधी जायचे?

चामोर्शी तालुक्यातील मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरली की दूरचे नातेवाईक भेटतात. कडेवरचे बाळ पाहून हमखास विचारले जाते, ‘वर्षाचं झालं ना? अजून चालत नाही?’ आई धास्तावते. खरेच काळजीचे कारण असते का?

नेमके वय असते का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बाळांचा अभ्यास करून २००६ मध्ये कालावधी जाहीर केले. आधाराशिवाय बसणे सुमारे ४ ते ९ महिने, एकट्याने चालणे ८ ते साडेसतरा महिने. सुमारे ४ टक्के बाळे तर रांगलीच नाहीत! म्हणजे शेजारचे बाळ दहाव्या महिन्यात चालले आणि आपले पंधराव्या, तरी दोन्ही ठीक.

बाळ वेळेआधी जन्मले असेल तर?

जितके आठवडे आधी जन्म, तितके वयातून वजा करायचे. दोन महिने आधी जन्मलेले नऊ महिन्यांचे बाळ सात महिन्यांचे मानायचे. हा हिशेब साधारण दोन वर्षांपर्यंत करतात.

मग काळजी कधी?

चार महिन्यांनंतरही मान न धरणे, नऊ महिन्यांनंतरही न बसणे, दीड वर्षानंतरही न चालणे, आवाजाकडे लक्ष न देणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे येत असलेली गोष्ट करणे थांबणे. अशा वेळी ‘याचे वडीलही उशिरा चालले होते’ म्हणत थांबू नका. मेंदूची वाढ सुरुवातीच्या वर्षांत सर्वाधिक वेगाने होते. उपचार जितके लवकर, तितका उपयोग अधिक.

गावात कोणाला विचारायचे?

आशाताईंना. घरी येऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत गडचिरोलीतच सिद्ध झाली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत ती राबवली. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आज आशाताई पहिल्या ४२ दिवसांत आणि पुढे ३, ६, ९, १२, १५ व्या महिन्यांत घरी येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मोफत तपासणी करते.

माता व बाल संरक्षण कार्डावर लसींच्या तारखांसोबत बाळाच्या वाढीचे टप्पेही चित्रांसह छापलेले असतात. पुढच्या भेटीत ते पान आशाताईंसोबत उघडून पाहा.