न्हावा-शेवा : बंदर या संकल्पनेचे स्थित्यंतर

बंदर हा मराठीने फारसीतून स्वीकारलेला शब्द. त्यात किनारा गृहीत असतो. रायपूरच्या शंकर नगरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि याच शहरातील कंटेनर डेपोतून मोहोरबंद पेटी रेल्वेने थेट बंदराकडे रवाना होते. व्यापारी परिभाषेत अशा डेपोला ‘कोरडे बंदर’ म्हणतात.

1956 साली माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने 58 पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. पुढे चढउताराचे काम हमालांच्या खांद्यावरून क्रेनकडे गेले. मुंबईच्या गोदीभोवती कामगारवस्ती व तिची बोली घडली होती. कंटेनरला मात्र मनुष्यबळाहून विस्तीर्ण जागेची निकड अधिक. 1989 मध्ये उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, ते या निकडीतून.

ती जागा मोकळी नव्हती. तेथे भातशेती होती, मिठागरे होती. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूसंपादनविरोधी आंदोलनात जासई-नवघर परिसरात पोलीस गोळीबार होऊन पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. विकसित भूखंड परत देण्याच्या धोरणामागे हा लढा आहे. त्या धोरणातील ‘साडेबारा टक्के’ हे प्रमाण उरण-पनवेलच्या बोलीत आता नामासारखे वावरते.

गोदीच्या अनुभवाचे केंद्र श्रम, तर न्हावा-शेव्याच्या अनुभवाचे केंद्र जमीन. दोहोंना ‘सागरी साहित्य’ या एकाच सदरात घालणारा अभ्यास हा भेद गमावतो. 2024 मध्ये पायाभरणी झालेल्या वाढवण बंदराला पालघरच्या मच्छीमारांचा विरोध आहे. तेथे वादाचा विषय मासेमारीचा समुद्रच आहे.