मधु लिमये : नियमावली हेच शस्त्र

जन्म पुण्यात, 1 मे 1922. गोवा मुक्तिसंग्रामात 1955 साली सत्याग्रह केला, तेव्हा पोर्तुगीजांनी 12 वर्षांची शिक्षा ठोठावली. सुटका 1957 मध्ये. लोकसभेत मात्र हा पुणेकर समाजवादी निवडून गेला तो बिहारमधून : आधी मुंगेर, मग बांका.

सभागृहाचे नियम तोंडपाठ असल्याने मंत्री त्यांना वचकून असत. 1974 च्या आयात परवाना प्रकरणात (परवान्यांसाठी खासदारांच्या बनावट सह्यांचे निवेदन!) सरकारला धारेवर धरणाऱ्यांत ते होते. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली, तेव्हा मतदारांनी कौल पाचच वर्षांसाठी दिला होता म्हणून त्यांनी तुरुंगातूनच खासदारकीचा राजीनामा पाठवला. शरद यादव वगळता असे करणारे विरळाच. पुढे खासदारकीचे निवृत्तिवेतनही त्यांनी नाकारले.