पीक इथलं, बाजार मुंबईचा

दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे मराठी सहावीच्या परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून चालत साताऱ्याला गेले. शंभरावर मैलांची ती पायपीट. तिथे ‘वय लहान दिसतं’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही! पुढे याच माणसाने 1916 साली महिला विद्यापीठ काढलं.

माणसाचं शिक्षण, आरोग्य, कौशल्य यांना अर्थशास्त्रात ‘मानवी भांडवल’ म्हणतात. ते कुठे किती साठेल हे बुद्धीइतकंच अंतरावरही ठरतं: शाळा, दवाखाना, परीक्षाकेंद्र किती लांब?

कर्व्यांच्या रत्नागिरी जिल्ह्यात आता हे अंतर बरंच मिटलंय. दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं. दापोलीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. तरी 2001 ते 2011 या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे 82 हजारांनी घटली, आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया 1,122. हा आकडा मुलींचं कौतुक म्हणून वाचू नये. कामासाठी मुंबई गाठलेल्या बाप्यांची ती गैरहजेरी आहे.

भांडवल घडवायला खर्च गावाचा, परतावा शहराचा. पूर्वी निदान मनीऑर्डर यायची. त्या पैशाने चूल पेटली, पोरं शिकली, आणि शिकून तीही चाकरमानी झाली. गणपतीला गाड्या भरभरून येतात, घरं उघडतात. विसर्जन झालं की पुन्हा कुलपं.